दारूचं व्यसन आणि रक्तातली जीवनसत्त्वं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यसनमुक्तीच्या ओपीडीत नातेवाईक येतात ते बहुतेकदा जाडजूड फाइल घेऊन. त्यात कुठल्यातरी तपासणी पॅकेजमधली व्हिटॅमिनची पानंही असतात. फसगत होते ती ठळक छापलेल्या आकड्यांपेक्षा साध्या, ‘नॉर्मल’ आकड्यांमुळे जास्त. पिणाऱ्या माणसाच्या रक्तातला आकडा आणि त्याच्या शरीरातला खरा साठा यांत पुष्कळ अंतर पडू शकतं. खालची बरीचशी उत्तरं त्या अंतराबद्दल आहेत. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

रोज पिणाऱ्यांमध्ये कोणती जीवनसत्त्वं कमी पडतात?

सगळ्यात घातक कमतरता बी-१ची, म्हणजे थायमिनची. तिच्यामागोमाग फोलेट, म्हणजे बी-९ (गोळीत ते फॉलिक ॲसिड म्हणून मिळतं), बी-६ आणि नायसिन, म्हणजे बी-३. यकृत किंवा स्वादुपिंड बिघडलं असेल तर चरबीत विरघळणारी ए, डी, ई आणि के हीसुद्धा घसरतात. ताटातून फळं-भाज्या हद्दपार झालेल्या माणसात सी इतकं उतरतं की हिरड्यांतून रक्त यायला लागतं. मॅग्नेशियम आणि जस्त ही जीवनसत्त्वं नव्हेत, पण त्यांची नावं इथे घ्यावीच लागतात. शरीरात मॅग्नेशियम कमी असेल तर दिलेलं थायमिनही नीट कामाला लागत नाही.

बी-१२ या यादीत मुद्दामच घेतलेलं नाही. त्याची तऱ्हा निराळी आहे, ती पुढे येईल.

“ह्यांचं वजन ऐंशी किलो आहे, पोट सुटलंय. मग कुपोषण कुठून आलं?”

एका क्वार्टरमध्ये, म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलिलिटर रममध्ये किंवा व्हिस्कीत, साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ग्रॅममागे ७ कॅलरी धरल्या तर सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी झाल्या. चार पोळ्यांची भूक त्यात मरते आणि जीवनसत्त्वांच्या नावाने शून्य.

शिवाय जे थोडंफार खाल्लं जातं तेही पुरतं अंगी लागत नाही. आतड्याच्या अस्तरात थायमिन आणि फोलेट आत ओढून घेणारी यंत्रणा असते, ती अल्कोहोलमुळे मंदावते. आत आलेलं साठवून ठेवायचं काम यकृताचं, आणि तेच आजारलेलं असतं. फोलेट लघवीवाटे नेहमीपेक्षा जास्त वाहून जातं. बी-६च्या बाबतीत अल्कोहोलपासून शरीरात तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड आडवं येतं. ते बी-६च्या क्रियाशील रूपाला प्रथिनांपासून सुटं करतं आणि असं सुटं झालेलं बी-६ लवकर मोडून जातं. म्हणून दोन वेळ जेवणाऱ्या माणसातसुद्धा कमतरता सापडते.

वजनकाट्यापेक्षा दंड आणि मांड्या बघा. पोट पुढे आणि हातपाय काटकुळे असतील तर काट्यावरच्या किलोंमध्ये पोटात साठलेलं पाणीही असू शकतं.

सगळे डॉक्टर थायमिनचंच नाव का घेतात?

कारण त्याचा साठा फार तुटपुंजा असतो आणि तो संपला की फटका मेंदूला बसतो. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन असतं. खाणं बंद पडलं तर दोन-तीन आठवड्यांत तो साठा तळाला जातो. बी-१२चा साठा याच्या तुलनेत काही वर्षं पुरतो. मेंदू ग्लुकोजवर चालतो आणि ग्लुकोजमधून शक्ती काढणाऱ्या एन्झाइम्सना थायमिनशिवाय काम करता येत नाही.

१८८१ साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकिकत लिहिली. दोघे दारू पिणारे पुरुष होते. तिसरी एक तरुणी होती. तिने सल्फ्युरिक ॲसिड प्यायलं होतं आणि नंतर तिला उलट्या थांबेनात. दारूचा थेंबही न घेता तिचा मेंदू त्याच रीतीने बिघडला होता. समान गोष्ट होती ती पोटात अन्न न ठरण्याची. तिघांच्याही डोळ्यांच्या हालचाली बिघडल्या होत्या, चालताना तोल जात होता आणि भान हरपलं होतं. यालाच वेर्निके एन्सेफॅलोपथी म्हणतात.

पाठ्यपुस्तकांत ही तीन लक्षणं एकत्र छापलेली असतात. प्रत्यक्षात तिन्ही एकाच वेळी दिसणारे रुग्ण थोडेच. मृत्यूनंतर मेंदू तपासून केलेल्या एका ऑस्ट्रेलियन पाहणीत ते प्रमाण सुमारे १६ टक्के निघालं होतं. उरलेल्यांमध्ये फक्त गोंधळलेपण किंवा फक्त तोल जाणं एवढंच दिसतं. पिणाऱ्या माणसाचा तोल जातोय, बोलणं असंबद्ध आहे, असं दिसलं की घरचे काय म्हणतात? “चढलीय, झोपू द्या.” हेच वाक्य सगळ्यात महागात पडतं. शेवटचा पेग घेऊन दिवस उलटला तरी माणूस झुलतच असेल, तर ती नशा नव्हे. त्याला तातडीने दवाखान्यात न्या.

वेळेत थायमिन दिलं नाही तर काय होतं?

जीवावर बेतू शकतं. वाचलेल्यांपैकी अनेकांना कोर्साकॉफ सिंड्रोम जडतो. सर्गेई कोर्साकॉफ या रशियन डॉक्टरांनी १८८७ पासून त्याबद्दल लिहिलं, म्हणून ते नाव. यात नवीन काही लक्षात राहत नाही आणि रिकाम्या जागा मन आपोआप भरून काढतं.

वॉर्डात दहा दिवस झोपून असलेल्या गृहस्थांना विचारावं, “काका, काल कुठे होतात?” तर शांतपणे सांगतात, “पंढरपूरला. सकाळीच परत आलो, बसला ही गर्दी.” पाच मिनिटांनी तोच प्रश्न विचारला तर ते मेहुण्याच्या लग्नाला जाऊन आलेले असतात. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना ते खरंच वाटत असतं. बायको शेजारी डबा घेऊन उभी असते आणि तिला आधी राग येतो, मग भीती वाटते. जुनी ओळख, जुना हिशेब, शाळेतल्या कविता हे सगळं मात्र शाबूत असतं. त्यामुळे दोन मिनिटं गप्पा मारणाऱ्या पाहुण्याला काहीच वावगं जाणवत नाही.

“थायमिन रक्तात मोजता येतं ना? मग आधी रिपोर्ट येऊ दे, मग इंजेक्शन देऊ.”

असं करू नये. तपासणी आहे, चांगली आहे, पण ती या घाईच्या प्रसंगी उपयोगाची नाही.

शरीरातलं कामाचं थायमिन मुख्यतः पेशींच्या आत असतं. रक्तातलं बहुतांश थायमिन लाल पेशींमध्ये सापडतं. त्यामुळे नुसत्या सीरममधलं, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या रक्ताच्या पातळ भागातलं, थायमिन मोजून फारसं कळत नाही. संपूर्ण रक्तातलं थायमिन डायफॉस्फेट, म्हणजे थायमिनचं क्रियाशील रूप, मोजावं लागतं. त्यासाठी जांभळ्या टोपणाची नळी वापरतात, ती उजेडापासून वाचवायला चांदीच्या कागदात गुंडाळतात आणि थंड ठेवून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवतात. तालुक्याच्या गावी दिलेला नमुना मुंबई किंवा दिल्लीला पोचून आकडा येईपर्यंत कित्येक दिवस जातात. मेंदूला तेवढी सवड नसते. त्यातून आकडा ठीक आला तरी मेंदूत थायमिन पुरेसं आहे असं त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

थायमिन स्वस्त आहे. त्याची गंभीर ॲलर्जी क्वचितच येते आणि जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. संशय आला की आधी द्यावं, रिपोर्टची वाट बघू नये, हा डॉक्टरांमधला जुना आणि रास्त शिरस्ता आहे. निदान सोपं करायला १९९७ पासून एक साधी कसोटीही वापरतात. खाण्याची आबाळ, डोळ्यांच्या हालचालीत दोष, तोल जाणं, आणि गोंधळ किंवा विस्मरण या चारांपैकी कोणतीही दोन असली तरी वेर्निके धरून चालायचं.

सलाइन लावलं की त्यांना तरतरी येते. घरी बोलावून ग्लुकोजची बाटली लावली तर?

हा प्रकार बघवत नाही, पण तो सर्रास चालतो. थायमिनचा साठा तळाला गेलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाइन दिलं तर ते ग्लुकोज वापरताना उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि काठावर असलेला माणूस वेर्निकेत ढकलला जाऊ शकतो. म्हणून आधी थायमिन, किंवा निदान दोन्ही एकदमच.

याचा उलटा अर्थही काढू नका. रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली असेल तर थायमिन सापडेपर्यंत ग्लुकोज अडवून ठेवायचं नसतं. हे निर्णय दवाखान्यातच घेता येतात, दिवाणखान्यात खिळ्याला बाटली टांगून नव्हे.

“बी-१२ तर १,४०० आलंय. म्हणजे व्हिटॅमिनचा काही प्रश्नच नाही ना?”

सगळ्यात जास्त गैरसमज या एका आकड्याभोवती आहेत.

बी-१२ मुख्यतः यकृतात साठवलेलं असतं. दारूने यकृताच्या पेशी फुटायला लागल्या की त्यातला साठा रक्तात सांडतो. बी-१२ला चिकटून हिंडणारी प्रथिनं रक्तातून उचलून घेण्याचं कामही आजारी यकृताला नीट जमत नाही. परिणामी रक्तात आकडा फुगतो आणि पेशींच्या आत टंचाई असू शकते. म्हणजे गोळ्या-इंजेक्शनं चालू नसताना, रोज पिणाऱ्या माणसात बी-१२ वरच्या मर्यादेच्या पलीकडे गेलं असेल तर आनंद मानू नका, यकृताच्या तपासण्या करून घ्या.

खरी कमतरता आहे का हे बघायचं असेल तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड ही तपासणी अधिक भरवशाची. पेशींना बी-१२ मिळेनासं झालं की ते वाढतं, मात्र मूत्रपिंडं बिघडलेली असली तरीही वाढतं. होमोसिस्टीन हा रक्तातला आणखी एक घटकसुद्धा वाढतो, पण ते फोलेट किंवा बी-६ कमी असतानाही वाढतं, त्यामुळे त्या एकट्यावरून दोष कुणाचा हे कळत नाही.

दुसऱ्या टोकाला असतो शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि जळजळीसाठी वर्षानुवर्षं पँटोप्रॅझोल घेणारा माणूस. त्याचं बी-१२ या कारणांनीच घसरलेलं असतं आणि दारू त्यात भर घालते. अशा माणसाचं यकृतही खराब असेल तर दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकून टाकतात आणि आकडा सभ्यपणे ‘नॉर्मल’ छापला जातो.

हिमोग्लोबिनच्या रिपोर्टमध्ये ‘एमसीव्ही १०८’ लिहिलंय. हे कशामुळे?

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. ते ८० ते १०० मध्ये असावं. रोजच्या दारूने अस्थिमज्जेवर थेट परिणाम होऊन पेशी मोठ्या होतात, फोलेट आणि बी-१२ पुरेसं असलं तरीही. त्यामुळे थोडासा वाढलेला एमसीव्ही हा आधी दारूचा पुरावा, मग जीवनसत्त्वांचा. आकडा ११०च्या बराच वर गेला आणि हिमोग्लोबिनही पडलं, तर फोलेट-बी-१२कडे बोट वळतं.

आपल्याकडे यात एक मेख आहे. लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात. मूळव्याधीतून किंवा जठरातून रक्त जात असलेल्या, पिणाऱ्या माणसात एक कारण पेशी मोठी करतं आणि दुसरं लहान. सरासरी ९० येते आणि कुणाचंच लक्ष जात नाही. अशा वेळी आरडीडब्ल्यू हा शेजारचा आकडा बघावा. लाल पेशींच्या आकारांत किती तफावत आहे ते तो सांगतो, आणि इथे तो वाढलेला असतो.

फोलेटचा शोध लागण्यामागे मुंबईही आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना मोठ्या पेशींचा जीवघेणा पांडुरोग, म्हणजे ॲनिमिया, का होतो, हे त्यांना शोधायचं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत माकडांवर प्रयोग करताना यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, गुण येतो असं त्यांना आढळलं. तोच उपाय बायकांनाही लागू पडला आणि १९३१ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्या अर्कातला तेव्हा अनोळखी असलेला घटक म्हणजे फोलेट. त्या बायकांचा दारूशी संबंध नव्हता, त्यांचं ताटच रिकामं होतं. पण पेशी दिसतात तशाच.

फोलेटचा रिपोर्ट एका महिन्यात ३ आणि दुसऱ्यात १२ आला. लॅब चुकली का?

बहुधा नाही. सीरममधलं फोलेट आदल्या काही दिवसांत काय खाल्लं-प्यायलं त्यावर वरखाली होतं. आठवडाभर पिऊन पडलेल्या माणसात ते झपाट्याने खाली येतं आणि दोन दिवस वरण, पालक, मोड आलेली मटकी पोटात गेली की सावरतं. लाल पेशीतलं फोलेट मात्र पेशी तयार होताना आत बंद होतं, म्हणून ते मागच्या तीनेक महिन्यांची स्थिती दाखवतं. आणखी एक कारण: रक्त काढताना पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं फोलेट सीरममध्ये येऊन आकडा खोटाच वाढतो.

फोलेट कमी आलं म्हणून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करण्याआधी बी-१२कडेही बघावं. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आत चालू राहतं.

साध्या तपासण्यांमध्ये जीवनसत्त्वांचा काही सुगावा लागतो का?

लागतो, आणि तोही फुकटात. यकृताच्या तपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन एन्झाइम्स असतात. दारूमुळे झालेल्या यकृताच्या आजारात एसजीओटी बहुतेकदा एसजीपीटीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतं. दोन्ही एन्झाइम्सना बी-६ लागतं, पण त्याची टंचाई एसजीपीटीला जास्त भोवते. तो आकडा मागे राहण्यामागचं हे एक कारण आहे.

दुसरा सुगावा आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आकड्याचा. रक्त गोठायला लागणारे काही घटक यकृत बनवतं आणि त्यासाठी त्याला के जीवनसत्त्व हवं असतं. आयएनआर वाढला असेल तर डॉक्टर काही वेळा के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन बघतात. दोन-तीन दिवसांत आयएनआर खाली आला तर कमतरता के जीवनसत्त्वाची होती. हलला नाही तर यकृतच थकलं आहे, आणि ही बातमी कुठल्याही व्हिटॅमिनच्या आकड्यापेक्षा गंभीर आहे.

पायांची आग होते, मुंग्या येतात. रात्री पाय पाण्यात बुडवून बसतात. कोणतं व्हिटॅमिन द्यावं?

थायमिन, बी-१२, बी-६ यांची कमतरता आणि खुद्द अल्कोहोल, चौघेही नसा बिघडवतात आणि रुग्णात हे अनेकदा एकत्रच असतात. डॉक्टर हमखास एक प्रश्न विचारतील: चालताना चप्पल पायातून निसटते का, आणि निसटल्याचं कळतं का? ती निसटून मागे राहिली आणि माणूस अनवाणी चार पावलं पुढे गेला, तर तळव्याची संवेदना गेलेली आहे. मधुमेहही तपासून घ्यावा.

बी-६च्या बाबतीत मात्र सांभाळा. ते जास्त झालं तरी नसाच बिघडतात आणि लक्षणं हीच, मुंग्या आणि बधिरपणा. मेडिकलमधून आणलेल्या ‘नसांच्या गोळ्या’, शिवाय मल्टिव्हिटॅमिन, शिवाय कुणीतरी सुचवलेली पावडर असं महिनोन्‌महिने एकत्र चालू असेल तर बी-६ची बेरीज करून बघा. क्षयरोगाच्या औषधांतलं आयसोनियाझिड बी-६ कमी करतं, तेव्हा पिणाऱ्या आणि टीबीचे उपचार घेणाऱ्या माणसाला ते लागतंच. पण तेही मोजून.

दृष्टी अंधुक झाली आहे. व्हिटॅमिन ए सुरू करू का?

आधी ती कशी अंधुक झाली ते बघा. संधिप्रकाशात दिसेनासं होणं म्हणजे रातांधळेपणा, तो ए किंवा जस्ताच्या कमतरतेने येतो. आठवड्या-महिन्यांत हळूहळू मधली नजर धूसर होणं, रंग फिके दिसणं हे बी गटाच्या कमतरतेत होतं, तंबाखूची जोड असेल तर जास्त.

आणि पिऊन आल्यावर काही तासांत किंवा दिवसभरात डोळ्यांपुढे धुकं आलं तर तो व्हिटॅमिनचा मामलाच नाही. ती मिथेनॉलची विषबाधा असू शकते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. त्यात एका मिनिटाचाही विलंब नको. योगायोग असा की या विषबाधेच्या उपचारात फोलेटचाच एक प्रकार देतात, कारण मिथेनॉलपासून तयार होणारं फॉर्मिक ॲसिड मोडायला शरीराला फोलेट लागतं.

ए जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या मनाने घेऊच नयेत. दारूमुळे यकृतातला एचा साठा कमी होतो हे खरं, पण त्याच यकृताला जास्तीचं ए विषारीही ठरतं. कमी आणि जास्त यांच्यातली फट पिणाऱ्या माणसात फार अरुंद होते. रक्तातला आकडाही इथे आधार देत नाही, कारण साठा बराच उतरेपर्यंत तो ठीकच दिसतो. शरीर ज्यापासून ए बनवतं त्या बीटा-कॅरोटिनची मोठी मात्राही निर्धोक नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना ते दिलं तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला, आणि जास्त पिणाऱ्यांत अधिक. मुख्य निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. गाजर खा, हरकत नाही.

हातांची आणि गळ्याभोवतीची कातडी काळी पडून सोलवटते आहे. उन्हामुळे असेल का?

ऊन निमित्त असतं. उघड्या भागांवर, दोन्ही बाजूंना सारखं, गळ्यात माळ घातल्यासारखा पट्टा असेल तर तो पेलाग्रा, म्हणजे नायसिनची कमतरता असू शकते. सोबत जुलाब, जीभ लालभडक होणं, चिडचिड किंवा भ्रम. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये हा आजार एकेकाळी नेहमीचा होता. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाशी त्याचा संबंध जोडला. आता आहार बदलला आहे आणि आपल्याकडे पेलाग्रा दिसतो तो मुख्यतः दारू पिणाऱ्यांमध्ये. भाकरी सोडायची गरज नाही, तिच्यासोबत डाळ आणि दूध-अंडं असलं की भागतं.

याचं निदान कातडी बघूनच करतात. निकोटिनमाइड, म्हणजे नायसिनचंच एक रूप, सुरू केल्यावर तोंड, जुलाब आणि मन काही दिवसांत सुधारतं, कातडीला आठवडे लागतात.

डी जीवनसत्त्वाचं काय?

ते न पिणाऱ्यांचंही कमीच असतं. २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर पूरक डोस द्यावा. पिणारे पडतात आणि त्यांची हाडं मोडतात, म्हणून एवढं बघावं.

“फुल व्हिटॅमिन प्रोफाइल” करून घ्यावं का?

माझं मत विचाराल तर नाही. त्या पैशांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, आयएनआर, साखर, मॅग्नेशियम, फॉस्फरस आणि बी-१२ होतं, आणि यातल्या प्रत्येक आकड्यावर पुढे काहीतरी करता येतं. ई, बी-२, बी-७ यांचे आकडे बघून उपचार क्वचितच बदलतात.

तपासणी करायचीच असेल तर बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन देण्याआधी रक्त काढा, नंतर काढलं तर आपण इंजेक्शनच मोजतो. पण नमुन्यासाठी थायमिन लांबवू नका. केसांसाठी बायोटिनच्या (बी-७च्या) गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा, कारण काही यंत्रांवर त्यामुळे बी-१२, डी आणि थायरॉइडचे आकडेही चुकतात.

गोळ्या पुरतील की इंजेक्शनच हवं?

माणूस जेवतोय, भानावर आहे, चालणं सरळ आहे, तर गोळ्या चालतील. आबाळ फार असेल, उलट्या असतील, दारू नुकतीच थांबवली असेल किंवा जरासाही गोंधळ दिसत असेल तर इंजेक्शन. तोंडावाटे दिलेल्या साध्या डोसमधून निरोगी आतडंही काही मिलिग्रॅमच थायमिन उचलतं, पिणाऱ्याचं त्याहून कमी. वेर्निकेच्या संशयात शिरेतून एकेका वेळी २०० ते ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा देतात. नेहमीच्या बी-कॉम्प्लेक्स कॅप्सूलमध्ये साधारण १० मिलिग्रॅम असतं, यावरून फरक ध्यानात येईल.

अजून पिणं चालूच आहे. मग गोळ्या देऊन उपयोग काय? आणि त्याने त्यांना पिण्याची मुभाच मिळते असं सासूबाई म्हणतात.

उपयोग आहे. थायमिन देणं ही पिण्याला परवानगी नाही. माणूस उद्या सोडेल की पुढच्या वर्षी, हे कुणाच्याच हातात नाही. तोपर्यंत त्याची स्मरणशक्ती टिकली तर सोडण्याचा निर्णय घ्यायला तो शिल्लक राहील. समुपदेशन समजायला आणि लक्षात राहायलाही स्मरणशक्तीच लागते. जेवणासोबत गोळी द्या, वाद न घालता.

खाण्यात काय असावं?

थायमिनसाठी शेंगदाणे, तीळ, डाळी, मोड आलेली कडधान्यं, बाजरी, कोंड्यासकट गव्हाचं पीठ. डुकराचं मांस चालत असेल तर त्यात ते भरपूर. चकण्यातले शेंगदाणे आणि उकडलेले चणे हाच अनेकांचा दिवसातला एकमेव चांगला आहार असतो. शेव-फरसाणपेक्षा ते कितीतरी बरे.

कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज पितात, ती चालू ठेवा. भात सालासकट उकडताना थायमिन दाण्याच्या आत मुरतं आणि मग गिरणीत कमी वाया जातं. पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळात ते उरत नाही. जावामध्ये क्रिस्तियान आइकमन यांनी १८९०च्या दशकात कोंबड्यांना असा तांदूळ घालून बेरीबेरीचं, म्हणजे थायमिनच्या कमतरतेने होणाऱ्या आजाराचं, कारण पुढे आणलं आणि १९२९च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आजही पिणाऱ्या माणसाचे पाय सुजून दम लागला तर डॉक्टरांच्या मनात यकृत आणि हृदयाबरोबर बेरीबेरीही असावी.

ऑस्ट्रेलियाने १९९१ पासून पावाच्या पिठात थायमिन घालणं सक्तीचं केलं आणि त्यानंतर तिथे वेर्निके-कोर्साकॉफचं प्रमाण घटलं. आपल्याकडे फोर्टिफाइड, म्हणजे वरून पोषक घटक मिसळलेल्या, तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असतं. थायमिन घालणं ऐच्छिक आहे.

व्हिटॅमिनने दारूची ओढ कमी होते का?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन यांनी १९६०च्या दशकात नायसिनचा जोरात पुरस्कार केला होता. संघटनेने तो उपाय आपला म्हणून स्वीकारला नाही आणि पुढे तो सिद्धही झाला नाही. ओढ कमी करणारी वेगळी औषधं आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञ देतात. हँगओव्हरसाठी व्हिटॅमिनची ड्रिप हा निव्वळ धंदा.

आजपासून दारू बंद, घरीच व्हिटॅमिन सुरू करतो. चालेल?

रोज भरपूर पिणाऱ्याने नाही. अचानक बंद केल्यावर सहा-आठ तासांत कापरं भरतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डिलिरियम, म्हणजे भास, घाम, बेभानपणा. व्हिटॅमिन यातलं काहीच थोपवत नाही, त्यासाठी औषधं आणि देखरेख लागते. थायमिनची गरज नेमकी याच दिवसांत सर्वांत जास्त असते. शिवाय बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट जेवायला घातलं तर फॉस्फरस आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतात, म्हणून खाणंही बेताबेताने वाढवतात.

सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत, आणि घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही.

सोडल्यावर आकडे कधी सुधारतात?

थायमिनच्या इंजेक्शनने डोळ्यांची हालचाल काही तासांत ते दिवसांत सुधारते. चाल सुधारायला आठवडे-महिने लागतात आणि काहींची ती कायमची रुंद पायांची राहते. स्मरणशक्तीचं आधी सांगता येत नाही. काहींची पुष्कळ परत येते, काहींची थोडी, काहींची येतच नाही. ते कळायला दारूविना निदान सहा महिने ते वर्ष द्यावं लागतं. एमसीव्ही खाली यायला तीन-चार महिने, कारण लाल पेशीचं आयुष्यच सुमारे १२० दिवसांचं. तेव्हा पंधरा दिवसांत पुन्हा सीबीसी करून “अजून १०६च आहे, म्हणजे चोरून पितात” असा आरोप करू नका. बी-१२ आणि फोलेट तीन महिन्यांनी तपासावं, आणि त्याच वेळी यकृताच्या तपासण्याही.